पिकअप दर पावसात त्याच जागी का रुतते? टायर-पाट्यांवर पैसे घालण्याआधी हे बघा

डांबरी रस्त्यावर गाडी ठणठणीत असते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून याच वाटेने खेपांवर खेपा केलेल्या असतात. मिरग लागून चार दिवस होतात, खताच्या गोणी घेऊन बागेकडे वळावं तर त्याच वळणावर मागचं चाक जागच्या जागी भिरभिरायला लागतं. जितकी रेस करावी तितका खड्डा खोल होतो आणि अर्ध्या तासाने ट्रॅक्टरवाल्याला फोन लावावा लागतो. आठ दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा तिथेच.

देवगड, राजापूर, लांजा, गुहागर, कुठेही जा, जुनी पिकअप असलेल्या बागायतदारांची ही तक्रार ऐकू येते. पावसाळा संपेपर्यंत गाडी घरी उभी ठेवा, असं सांगून भागत नाही. आंब्याला खत जूनमध्ये, कल्टार (मोहोरासाठी झाडाच्या बुंध्याशी द्यायचं औषध) जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, मधे गवत काढायचं, म्हणजे ऐन पावसात बागेत जावंच लागतं. नवी फोर बाय फोर घ्यायची तर बागेचं एक वर्षाचं उत्पन्न त्यात जाईल. म्हणून जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपलाच थोड्या पैशांत चिखलात चालती कशी ठेवायची, ते माझ्या अनुभवातून लिहितो आहे.

आमची गाडी 2009 ची. चिखलावर इलाज म्हणून मी सगळ्यात आधी मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा, म्हणजे स्प्रिंगची लोखंडी पट्टी, वाढवला होता. गाडी उंच दिसायला लागली आणि पहिल्यापेक्षा जास्त रुतायला लागली. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग आधीच हलकं असतं आणि पाटे ताठ. त्यात पाटा वाढवला की ते आणखी ताठ होतं. एक चाक खड्ड्यात उतरलं की त्याने खाली जाऊन जमीन धरायला हवी, पण पाटा त्याला जाऊ देत नाही. चाक अधांतरी राहतं आणि अधांतरी चाकाला पकड मिळत नाही. पुढच्या वर्षी ते पाटे काढून टाकले. आजही कोणी पाटा वाढवायला निघालं की मी आधी विचारतो, तुमची गाडी पावसात भरलेली जास्त असते की रिकामी?

आधी खाली उतरा

गाडी अडकली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. तिथेच नुकसान होतं. मलाही हे शेजारच्या काकांनी शिकवलं. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन ते बांधावर उभे होते. मी रेस करतोय हे बघून ओरडले, "अरे, रेस करू नको! खाली उतार आणि बघ. एकच चाक फिरताहा, दुसरा गप रवलाहा."

उतरून बघितलं तर डावं चाक अर्धं चिखलात, उजवं चाक कातळावर कोरडं आणि ढिम्म उभं. तोपर्यंत मी समजत होतो की गाडीत जोर कमी पडतोय. जोर भरपूर होता, तो चुकीच्या चाकाकडे जात होता.

गाडी रुतते ती तीन प्रकारे. एकच चाक फिरतं. किंवा मागची दोन्ही चाकं फिरतात. किंवा चाकं फिरत असतात पण गाडीचं पोट जमिनीवर टेकलेलं असतं. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. पैसे वाया जातात ते इथेच, म्हणून पुढच्या वेळी अडकलात की पाच मिनिटं द्या, चारी बाजूंनी फिरून बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

एकच चाक फिरत असेल तर

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच, कारण पाणंदीची एक बाजू कातळाची आणि एक बाजू मातीची असते.

मागच्या हौजिंगमधलं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या लोखंडी आवरणातलं, डिफ्रेन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. त्याचा स्वभाव असा की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून कातळावरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. शिवाय एक चाक थांबलेलं असताना दुसरं दुप्पट गतीने फिरतं. काटा 30 दाखवत असेल तर ते चाक 60 च्या गतीने चिखल उपसत असतं. आतले छोटे गिअर अशा फिरण्यासाठी केलेले नसतात, ते तापतात आणि झिजतात.

यावर बिनपैशाचा इलाज हँडब्रेक. पहिला किंवा दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा, रेस अगदी हलकी ठेवा आणि हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरत लिव्हर हळूहळू वर ओढा. बटण दाबलेलं हवं म्हणजे तो अडकून बसत नाही. भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागला की त्याला फिरायला जोर लागायला लागतो, आणि तितकाच जोर मग थांबलेल्या चाकालाही मिळतो. ते चाक कातळ पकडतं आणि गाडी इंचाइंचाने पुढे सरकते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी तसाच दोन मिनिटं स्टिअरिंग धरून बसून राहिलो होतो. दोन वर्षं त्याच वळणावर ट्रॅक्टरला पैसे दिले होते.

यासाठी हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांवर सारखा लागला पाहिजे. जुन्या पिकअपमध्ये नेमकं तेच नसतं. केबल ताणलेली, एका बाजूचा लायनर संपलेला, ड्रममध्ये लाल मातीचा थर. मे महिन्यात फिटरकडे नेऊन दोन्ही ड्रम उघडा, धुऊन घ्या, लायनर बघा, केबल सेट करा. चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढला की ती जागची हलता कामा नये, हीच परीक्षा. काही जुन्या जीपगाड्यांना हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्या गाडीत ही युक्ती चालत नाही, कारण ब्रेक डिफ्रेन्शियलच्या आधीच लागतो. तुमच्या गाडीचा ड्रम कुठे आहे ते खाली वाकून बघून घ्या. आणि हँडब्रेक धरून मैलभर जाऊ नका. दहा-पंधरा फूट, तेवढ्यापुरतंच. ड्रम तापतो.

दुसरा स्वस्त इलाज वजन. पिकअप माल वाहण्यासाठी केलेली आहे, रिकामी असताना मागची चाकं जमिनीला नीट दाबतही नाहीत. आम्ही पावसाळाभर हौद्यात जांभ्या दगडाचे दहा-बारा चिरे ठेवतो. एक चिरा सुमारे पंचवीस-तीस किलोंचा, म्हणजे तीनशे किलोंच्या आसपास वजन झालं. ते मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा बोटभर पुढे मांडा, मागच्या फाळक्याजवळ नको. फाळक्याजवळ वजन गेलं की पुढचं अंग उचलतं आणि चिखलात स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. चिरे दोरखंडाने घट्ट बांधा. सुटा चिरा ब्रेक लागताच केबिनच्या काचेवर येतो. त्यांचा दुसरा उपयोग म्हणजे कधी खरंच अडकलात तर चाकाखाली घालायला हाताशी असतात. मातीच्या गोणी मी वापरून बघितल्या. त्या भिजून फाटतात आणि हौदाच चिखलाने भरतो.

काही गॅरेजमध्ये डिफ्रेन्शियलचे आतले गिअर वेल्डिंग करून देतात. म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरणार. चिखलात त्याचा फायदा दिसतो, पण तीच गाडी आपल्याला घाट चढवून कोल्हापूरला न्यायची असते. फोंडा किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा हळू फिरायला हवं. वेल्डिंग केल्यावर ते तसं हळू फिरू शकत नाही, मग टायर घासत ओढला जातो, ओल्या रस्त्यावर गाडी वळणाबाहेर सरकते, आणि एक दिवस ॲक्सल शाफ्ट तुटतो. कृपा करून हे करू नका.

दोन्ही चाकं फिरत असतील तर

इथे दोष टायरचा. टायरचाही म्हणण्यापेक्षा आधी हवेचा.

भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांत 60 पीएसआयच्या आसपास हवा ठेवायची आपली सवय आहे. तीच हवा ठेवून रिकामी गाडी चिखलात घातली की टायर दगडासारखा ताठ राहतो, जमिनीला चार बोटं टेकतो आणि नक्षीत माती भरून गुळगुळीत होतो. बागेच्या फाट्यावर थांबून रिकाम्या गाडीची मागची हवा 25 वर आणली की टायर पसरतो, त्याची लांबी जमिनीला लागते, आणि चालताना तो वाकतो तसा नक्षीतला चिखल सुटतो. हवा कमी असताना वेग वीसच्या वर नेऊ नका, धारदार कातळावर जपून, आणि डांबरावर येण्याआधी हवा परत भरलीच पाहिजे. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि काट्याचा मीटर या दोन वस्तू लागतात. अंदाजाने हवा सोडू नका. गाडी भरलेली असेल तर इतकी कमी करू नका, टायरच्या बाजू कापल्या जातील.

ट्यूबच्या टायरवाल्यांनी आणखी जपायचं. हवा फार कमी झाली की टायर रिमवर सरकतो आणि सोबत ट्यूबला ओढतो, व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. चिखलात ट्यूब बदलायची पाळी आली की दिवस गेला.

मग नक्षी. मागचे दोन टायर गुळगुळीत झाले असतील तर बाकीच्या कुठल्याही कामाआधी ते बदला. स्वस्तात करायचं तर जुन्या टायरची केसिंग चांगली असताना मोठ्या गोट्यांची नक्षी बसवून रिमोल्ड करून घेता येतात. माझी जोडी सहा हजारांच्या आत झाली. नव्या जोडीला तेव्हा दुपटीहून जास्त पडत होते. रिमोल्ड फक्त मागे घाला, पुढे नको, आणि दोन्ही एकाच मापाचे असू द्या. ओल्या डांबरावर मोठ्या गोट्यांचा टायर साध्या टायरइतका धरत नाही, ब्रेक लांब लागतो, हे लक्षात ठेवून चालवा.

रुंद टायर घेऊ का, असं मला नेहमी विचारतात. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, वरचा चिखल वीतभर असतो आणि खाली कातळ असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून कातळापर्यंत पोचतो आणि पकड घेतो, रुंद टायर वरच्या वर तरंगतो. भातमळ्यात आणि खाजणाच्या कडेला तळच लागत नाही. तिथे रुंदही चालत नाही आणि अरुंदही, तिथे गाडी घालूच नये. मोठ्या मापाच्या टायरला आणि उंची वाढवण्याला आणखी एक अडचण आहे. कंपनीने दिलेल्या रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, आणि जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंगला न्यावं लागतं. तिथे अडकलात तर सगळा खर्च परत उलटा करावा लागतो.

अडीअडचणीला काथ्याचा दोर. काथ्या पाण्याने कुजत नाही लवकर, आणि खरखरीत असतो. अंगठ्याएवढ्या जाडीचा दोर रिमच्या भोकांतून ओवून टायरभोवती तीन ठिकाणी आडवा गुंडाळायचा आणि गाठ बाहेरच्या अंगाला घट्ट मारायची. आतल्या बाजूला ब्रेकचा पाइप आणि पाटे आहेत, त्यांना दोर घासत नाही ना हे चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघायचं. पायी चालण्याच्या वेगाने जायचं आणि चिखल संपला की दोर कापून टाकायचा. नारळाची हिरवी झावळं चाकाखाली घालतात ती मात्र ओली झाली की चाकाखालून सटकून मागच्या माणसाच्या पायावर येतात. त्यापेक्षा ऐन-किंजळीच्या मनगटाएवढ्या फांद्या आडव्या टाका.

पोट टेकलं असेल तर

पिकअपचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे मागच्या हौजिंगचा गोळा. तो ॲक्सलवरच असतो. पाटे वाढवून चेसिस उंच होते, गोळा तिथेच राहतो. तो वर जायचा तर टायरच मोठा हवा. त्यामुळे पोट टेकणाऱ्या गाडीला उंचीवर खर्च करून फारसं हाती लागत नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवून चालवा, जुन्या चाकोरीत उतरूच नका. पाटे खरोखर बसले असतील, म्हणजे रिकामी गाडीही मागून खाली दिसत असेल, तर ते उघडून पुन्हा कमान द्या. मोडका पाटा बदला, यू-बोल्ट नवे घाला. त्याला पाटा वाढवणं म्हणत नाहीत.

काढताना जॅकखाली दीड फुटाची जाड फळी हवी, नाहीतर जॅकच चिखलात जातो. चाक उचललं की खाली चिऱ्याचे तुकडे भरायचे. जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

टोचन करताना (दुसऱ्या गाडीने ओढून काढताना)

बंपरला दोर बांधू नका. खाऱ्या हवेने जुन्या गाडीची चेसिस मागच्या पाट्याच्या हँगरजवळ गंजलेली असते, हातोडीने ठोकून आवाज ऐका. हुक चेसिसच्या दोन्ही बाजूंना, आतून जाड पट्टी लावून बोल्टने बसवून घ्या. ताणलेल्या दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका, म्हणजे दोर तुटला तर कमी उसळतो. पोरांना आणि बघ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभं करा. तारेचा दोर नकोच. ट्रॅक्टरवाल्याला सांगा, झटका मारू नको, आधी दोर ताणून घे, मग ओढ.

चिखलातून आल्यावर

तापलेलं हौजिंग व्हाळाच्या थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं भोक) मातीने बंद असेल तर ती हवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढून घेते. महिनाभराने ऑइल उघडलं तर ताकासारखं पांढरट निघतं, आणि तोवर बेअरिंग गेलेलं असतं. उपाय अगदी थोड्या पैशांचा: ब्रीदर साफ करून त्याला डिझेलचा रबरी पाइप जोडा आणि पाइपचं तोंड हौद्याच्या उंचीवर नेऊन खाली वळवून बांधा. आमच्याकडे हे केल्यापासून तीन पावसाळे झाले, ऑइल स्वच्छ आहे. बाकी रोज घरी आल्यावर ड्रममधून आणि रेडिएटरच्या जाळीतून पाण्याने माती काढा. जाळीवर जोराचा फवारा मारू नका, पाती वाकतात.

ते वळण

हे सगळं करूनही माझी गाडी एका जागी अडकत राहिली, हँडब्रेक, चिरे, रिमोल्ड सगळं असताना. मग एका पावसात छत्री घेऊन तिथे उभा राहिलो. वरच्या सड्यावरचं पाणी आंब्याच्या मुळांमधून वाट काढत पाणंदीत उतरत होतं आणि नेमकं त्या पंचवीस फुटांत साचून राहत होतं. पाऊस थांबल्यावरही तासभर ते झिरपत होतं. दोष गाडीत उरलाच नव्हता.

पुढच्या आगोटीला, मेच्या शेवटच्या आठवड्यात, चढाच्या बाजूने हातभर रुंद चर खणला आणि तो खालच्या पऱ्यात सोडला. वरचा मऊ चिखल काढून चिरेखाणीवरचा मोडका चिरा भरला. त्यात शेडीचा, म्हणजे जांभ्याखालच्या मऊ मातीचा, भुगा येऊ देऊ नका, तो पाणी लागताच साबणासारखा होतो. तुकडा हातात घेऊन कातळावर आपटा, फुटला नाही तरच घ्या. वर बारीक चुरा टाकून भरलेली गाडीच चार वेळा पुढे-मागे फिरवली. तिघा शेजाऱ्यांनी वर्गणी दिली, कारण त्यांच्याही बागा त्याच वाटेने आहेत.

चर दर पंधरा दिवसांनी बघावा लागतो. आकेशियाची पानं त्यात अडकून बसतात आणि पाणी पुन्हा वाटेवर येतं. या पावसात ती पाळी आम्ही चार घरांत वाटून घेतली आहे. फावडं आंब्याच्या खोडाला टेकवून ठेवलेलं असतं, ज्याची पाळी तो उचलतो.